डोळा राखून

दिंडोरीला, गुरुवारची घरसभा.
दारात चपला, काहींना अजून बागेतली माती.
ट्यूब लुकलुकते; रूथ अडखळत वाचते
द्राक्षवेलीचा अध्याय, बोट ओळीवर ठेवून.

पाळक उजागरे समजावतात, छाटणी म्हणजे शिस्त.
सगुणाबाई मागून म्हणते, "तसं नाही, पाळकसाहेब."
आणि गप्प.
तिला वाचता येत नाही. बत्तीस वर्षं कात्री येते.

मग सांगते:
"कापलं की काडीतून पाणी गळतं,
दोन दोन दिवस. आम्ही म्हणतो, वेल रडली.
मालक ओरडतो, हात चालवा. पण डोळा मोजल्याबिगर
मी कात्री लावत नाही.
कापणाऱ्याला आधी डोळा दिसला पाहिजे."

कोणी आमेन म्हटलं नाही.
भिंतीपलीकडे कुकरची शिट्टी झाली.
उजागऱ्यांनी वहीतलं पान उलटलं,
पुढचं काही वाचलं नाही.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले.
मी नाही. बघत होतो तिचे हात,
अंगठ्यावर पेस्टचे डाग, साबणाला न जुमानणारे,
मांडीवर उघडे.
यंदा मार्चात तिचा धाकटा गेला.
तिनं त्याचं नाव घेतलं नाही.
एवढंच म्हणाली: बापा, मोजून.