पुढे सरका

तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागं.
पूर्वी इथं झाडू ठेवायचे, फिनेलचा वास अजून जात नाही.
दारावर पाटी : वाचा-उपचार कक्ष.
परवा एकानं डोकावून विचारलं,
"काय वाचायचंय?"

मंजूर पदं तीन. भरलेलं एक,
तेही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. म्हणजे मी.
भोर, दौंड, शिरूर, येरवडा,
सगळीकडची अडलेली जीभ याच बाकावर.
पुढची तारीख सात आठवड्यांनी.
तेवढ्यात पोराला दोन दात येतात,
शब्द येत नाही.

तक्ते आले ते इंग्रजी. त्यात बर्फाचा माणूस.
मोमीनपुऱ्याच्या उवैसला तो काय सांगू?
मी वहीत चाळणी काढली, नळ काढला,
आरसा घरून आणला.
ळ म्हणताना जीभ मागं वळते,
एवढंच वळण शिकवण्यात चार मंगळवार गेले.
पाचव्याला आईची रोजंदारी बुडत होती.

दशरथ खुटवड, सत्तावन्न, बसचे कंडक्टर.
मेंदूच्या डावीकडं रक्त अडलं
आणि शब्द उतरून गेले.
शेजारी बायको, मांडीवर पिशवी :
"हिरा म्हणा. दोनच तर अक्षरं."
ओठ हलतात. नाव निघत नाही.

मी म्हटलं, काका, स्वारगेटहून सुटलो.
त्यांनी डाव्या बोटानं टेबल दोनदा वाजवलं.
"पर्वती पायथा," मी.
"दांडेकर पूल," ते.
राजाराम पूल, विठ्ठलवाडी, हिंगणे,
आनंदनगर, माणिकबाग, वडगाव,
धायरी.
मग गप्प.

पाठ असलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं, मी समजावू लागले.
हिराबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या,
"मग मी कुठल्या स्टॉपला?"

मार्च संपत आलाय. कंत्राटाची फाइल वर गेलीय,
खाली कधी येते ते वरच्यांना ठाऊक.
त्यांच्या कागदावर तारीख घातली, बारा मे,
आणि खाली, या खुर्चीत जी कुणी असेल तिच्यासाठी :
हिंगणे झालं की लगेच 'हिरा' घालून बघा.
हि वरून हि कदाचित चढेल.

निघताना दारात हीऽऽ गर्दी.
खुटवडांनी चौकट धरली, मान वर केली,
आणि तीस वर्षांच्या आवाजात,
"पुढे सरका, पुढे सरका!"

रांग सरकली.
आत जागा नव्हतीच.