लाल दिव्याची गाडी

कचेरीत सगळे म्हणायचे, चंदरबाब,
तुमची आता लाल दिव्याची गाडी.

दिवा टपावर नव्हता. आत होता, काट्यांच्या खाली,
करंगळीच्या नखाएवढा:
बसलेला एक माणूस
आणि त्याच्या छातीसमोर मोठा गोल फुगा.
शलाका विचारायची, ह्याने कलिंगड का धरलंय?

चावी फिरवली की तो उगवायचा,
पाच-सहा सेकंदांत मावळायचा. सहा वर्षं असंच.
चवथीनंतरच्या सोमवारी मावळलाच नाही.

अस्नोड्याला, पुलाच्या अलीकडे, इनासचं गॅरेज.
त्याने स्कॅनर लावला, चष्मा कपाळावर ढकलला.
"ड्रायव्हरची बाजू. रेझिस्टन्स जास्त दाखवतोय."
मग सीटखाली शिरला. पिवळी वायर, पिवळा कनेक्टर.
"पिवळ्याला हात लावायच्या आधी मला विचारायचं,"
हे बसप्पाला, दर पाच मिनिटांनी.
सीटखालून निघालं ते असं:
सोड्याचं बूच, शलाकाची पिन, दोन रुपयांचं नाणं
आणि एक सुकं तारलं, अखंड, शेपटीसकट.
कनेक्टर पुसला, स्प्रे मारला. दिवा गेला.
कोलवाळच्या पुलावर परत आला.

दुसऱ्या खेपेला बॅटरी.
"म्हातारी झाली की नसत्या चहाड्या सांगते."
नवी बसवली. दिवा तिथेच.

तिसऱ्या खेपेला स्टिअरिंगमधली ती गुंडाळलेली रिबन.
पण हॉर्न वाजत होता,
म्हणजे रिबन बहुधा जिवंत.
इनास बराच वेळ गप्प. मग त्याने बॅटरीची तार सोडवली.
"आता दहा मिनिटं कुणी हात लावू नका.
आत साठलेली वीज मरू दे."
आम्ही चहा घेतला. खाली नदीत कुणीतरी म्हैस धूत होतं,
म्हैस उठायला तयार नव्हती.

मग त्याने स्टिअरिंगचं तोंड उघडलं.

आत काही नव्हतं.
घडी घातलेली पिशवी नाही, बार भरलेली डबी नाही.
फक्त एक रेझिस्टर, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा,
काळ्या चिकटपट्टीने बांधलेला;
दोन पायांतला एक खाऱ्या हवेने हिरवा पडून तुटलेला.

"पळय," इनास म्हणाला. "एकदा फुटलीय ही. तुझ्या आधी.
मग कुणीतरी दोन रुपयांत
कॉम्प्युटरची समजूत घातली."

म्हणजे दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला,
केप्याला लग्नाला,
चोर्ल्याच्या धुक्यातून बेळगावला, समोरून ट्रक,
पद्मजा शेजारी डुलक्या घेतेय,
आणि मी विझलेल्या दिव्याकडे बघून निर्धास्त.
वीस वर्षं मी एक-चौदाचे उतारे देतो.
कागद स्वच्छ, आणि जमिनीवर दुसऱ्याचंच घर,
हे मी रोज बघतो.
तरी.

विकणारा म्हणाला होता,
मास्तरची गाडी, देवळाशिवाय कुठे गेली नाही.
त्याचा चष्मा कोरा होता
आणि नाक जरा डावीकडे,
हे आता आठवतं.

इनासने खर्च सांगितला, नवी एअरबॅग, नवं युनिट:
गाडीच्या किमतीच्या वर.
मग, पाना पुसत, माझ्याकडे न बघता,
"नाहीतर नवा दाणा बसवतो. दिवा जाईल."
बसप्पा सोल्डरिंगची कांडी आणायला उठलाच होता.

राहू दे, म्हटलं.

येताना चाळीसच्या वर गेलो नाही.
शाळेपाशी शलाका बसली, मागे, पट्टा लावून,
मान उंच करून काट्यांकडे बघितलं तिने.
अजून कलिंगड धरून बसलाय तो, म्हणाली.

हो, म्हटलं,
त्याच्याकडे तरी आहे.