घंटी वाजली होती

अपडेट आलंय, घेऊ का, म्हणाला.
घे म्हटलं. बीटाचं सूप चुलीवर होतं.
टक्के सरकत गेले, साठ, ब्याऐंशी,
नव्व्याण्णववर मात्र बराच वेळ अडून बसला,
मग आपणच झोपला, आपणच उठला
आणि पडदा काळा.

साधा काळा नाही. बंद टीव्हीचा काळा थंड असतो.
हा आतून किंचित उजळलेला,
पेटत्या कंदिलाच्या काचेला डांबर फासावं तसा.
त्यात माझा चष्मा दिसला, मागचं कपाट,
आणि बाहेर लिएपायाचा वारा
कालव्यातल्या बोटींचे दोर झोडपत होता.

मी पियानो जुळवतो. एक्केचाळीस वर्षं झाली.
दोनशे बारा पियानोंची कुंडली या डब्यात आहे:
कुणाच्या घरी कुठली तार ढिली पडते,
कुठल्या शाळेत थंडीत लाकूड आक्रसतं,
कोण पैसे द्यायला टाळाटाळ करतं.
कागदाची वही होती. ती मीच जाळली,
दोन वर्षांपूर्वी, शहाणपणाने.

हात लावायच्या आधी ऐकावं, ही आमच्या धंद्याची रीत.
तर ऐकलं.
पंखा नेहमीसारखा, जरा खर्जात.
तबकडीची टिकटिक, मग गप्प.
आणि त्याआधी, आठव इल्मार्स, नीट आठव,
ती घंटी वाजली होती.
दोन सुरांची, रोजची, या बसा म्हणणारी.
म्हणजे दार उघडलंय.
आत सगळे जागे आहेत,
कुणी तोंड दाखवत नाही एवढंच.

साडेअकराला जिद्राला फोन लावला.
ती बंदरात वजनकाट्यावर रात्रपाळीला असते,
तिथली चारही यंत्रं तीच सांभाळते.
"मेला," मी म्हटलं.
"घंटी वाजली?"
"वाजली."
"मग मेला कसा? कंट्रोल, आल्ट, एफ तीन.
एकदम दाब. तीन बोटांचा स्वर आहे समज."

दाबला.
काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली.
ना खिडकी, ना चित्र, नुसती एक रेघ लुकलुकत:
नाव सांग.
सांगितलं.
परवलीचा शब्द टाकू लागलो तर
एक ठिपका उमटेल तर शपथ.
"उमटत नसतोच," जिद्रा म्हणाली, तिच्यामागे ट्रकचा भोंगा,
"तू टाईप करत राहा."
एवढा विश्वास मी चर्चमध्येही कधी ठेवला नव्हता.

मग नोंदी. ओळींमागून ओळी,
मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारख्या,
आणि मध्येच एक लाल.
कर्नल नवा आला होता,
चित्र काढणारा ड्रायव्हर मात्र जुन्याच मापाचा.
नव्याने हाक मारली, जुन्याला ती ऐकूच गेली नाही.
"भांडण नाहीये रे," जिद्रा म्हणाली,
"ओळखच झालेली नाही."
मला हसू आलं. माझी आणि जावयाची हीच कथा,
पण ते तिला कशाला सांगा.

पुन्हा चालू करताना शिफ्ट धरून ठेव, म्हणाली.
धरली. करंगळीला मुंग्या आल्या.
यादी उघडली: सगळ्यात वर नवा,
आणि खाली, दोन पायऱ्या आत,
मागच्या महिन्यातला कर्नल,
कुणी फेकून न दिलेला,
शेजाऱ्याकडे ठेवलेल्या जास्तीच्या किल्लीसारखा.

त्याने जुनं ठेवलं होतं. मी वही जाळली होती.

एंटर.
घंटी. आणि तिच्यामागून या खेपेला
राखाडी समुद्राचा तो फोटो,
कडेला फायलींची तीच अस्ताव्यस्त रांग.
जीव भांड्यात पडला.
सूप भांड्याला लागलं होतं.

उद्या ड्रायव्हर नव्याने बांधू, जिद्रा सांगत होती,
तोवर जुन्यानेच उठव, कशालाही हो म्हणू नकोस.
मी विजेच्या बिलामागे पेन्सिलने लिहून घेतलं.
बिल पुरेना.
खणातून एक कोरी वही काढली, तारीख घातली.
पहिल्या पानावर: कंट्रोल, आल्ट, एफ तीन.
दुसऱ्यावर: ग्रोबिन्याच्या मास्तरीणबाई,
मधला 'ला' दर मार्चला उतरतो,
कुत्रा चावत नाही.

उरले दोनशे अकरा.