लाल क्रेट

त्रिसरण मला पाठ होतं पाळण्यात असल्यापासून,
पंचशील तर झोपेतही म्हणेन,
पण डोळे मिटून नुसतं बसायचं कसं
हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
आमच्याकडे बोलणं होतं. भाषणं, घोषणा,
चौदा एप्रिलला रात्रभर जलसा.
गप्प बसवलेल्या माणसांची पोरं आम्ही,
कुणी गप्प बस म्हटलं की अंगावर काटा येतो.

तरी बेचाळिसाव्या वर्षी गेले.
दिघ्याचं विहार, रविवार, सकाळचे सहा.
चप्पल काढताना मागे वळून पाहिलं,
कुणी बघत तर नाही.

कासारेकाका एकटेच होते.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तेहतीस वर्षं तोलार.
म्हणाले, बस.
कशी?
जशी बसतेस तशी.
नाकाच्या टोकाशी थांब. श्वास येतो, जातो.
बाकी काही नाही.

बाकी काही नाही म्हणायला काय जातंय.
पहिल्या मिनिटात गॅसचा नंबर,
दुसऱ्यात नणंदेचं चार वर्षांपूर्वीचं एक वाक्य,
मग पाय गेला. मुंग्या नव्हे, आख्खा पायच गेला,
आणि ठाणे-बेलापूर रोडवरचा एकेक कंटेनर
माझ्या कवटीतून गिअर बदलत गेला.

मी रबाळ्याला औषधाच्या कंपनीत
इंजेक्शनच्या बाटल्या तपासते.
दिव्यासमोर धरायची, हलकेच उलटी करायची,
आधी पांढऱ्या पाटीपुढे, मग काळ्या.
कण दिसला की लाल क्रेटमध्ये.
एकोणीस वर्षं. डोळा तयार आहे माझा.
म्हणून काकांना विचारलं,
इतके कण तरंगतात आत, त्यांचं काय करू?
काका पिंपळाच्या कुंडीतली माती
नखांतून काढत राहिले बराच वेळ.
दिसले ना?
हो.
मग झालं.
पण टाकायचे कुठे?
इथे क्रेट नाही, विशाखा.

मला राग आला. हे काय उत्तर झालं?
दोन रविवार गेलेच नाही.

भाऊ म्हणाला, बरं झालं. डोळे मिटून काय होणार?
नाल्याकडेच्या घरांना परत नोटिसा आल्यात,
तू मोर्चाला चल.
गेले. कोकण भवनासमोर
भर उन्हात दोन तास बसलो आम्ही रस्त्यावर.
तिथेही पाय गेला.
या वेळी मी त्याला जाताना पाहिलं.

काकांना सांगितलं तर हसले, पहिल्यांदाच.
पुढचा एक दात नाही त्यांना.
म्हणाले, पोतं टाकलं की काटा नाचतो.
व्यापारी ओरडतो, बोल लवकर, किती भरलं?
तेव्हा जो बोलतो तो चुकतो,
नाहीतर खोटं बोलतो.
मीही बोललोय. पुष्कळदा.
एवढं म्हणून चहा प्यायला निघून गेले,
मला काय कळायचं ते कळो.

आता ते गावी आहेत, गुहागरकडे,
मोतीबिंदू काढायला.
विहाराची चावी माझ्या पर्समध्ये, घरच्या चावीशेजारी;
दोन्ही सारख्याच दिसतात, रोज चुकते.

गेल्या रविवारी एकटीच बसले.
वीस मिनिटांत फार तर तीन श्वास
आख्खे आले आणि आख्खे गेले,
मी मध्ये न पडता.
लगेच वाटलं, जमलं!
आणि गेलं.

हे खरं की मनाचे खेळ, विचारायला
काकांना फोन लावला.
तिकडे रेंज नाही. हॅलो, हॅलो म्हणाले,
मग शब्द तुटले,
आणि नुसतं ऐकू येत राहिलं
एक म्हातारं नाक.
आत. बाहेर. जराशी घरघर.
मी फोन ठेवला नाही.
खाली कुणीतरी शटर उघडलं, पाण्याचा टँकर आला,
बायकांची भांडणं सुरू झाली.

कितीतरी वेळाने त्यांनी विचारलं,
ऐकू येतंय का?

म्हटलं, येतंय.