दोन खाचा

सुबराव भोई आला तेव्हा लेथवर
पंपाचा एक हट्टी शाफ्ट चढलेला होता.
त्याच्या खांद्यावर युरियाचं पोतं,
पोत्यातून डोकावणारी होडीची मोटर,
बॅटरीवरची, शाहूपुरीतनं सेकंडहँड घेतलेली.
राधानगरीच्या एसटीत तिचंही अर्धं तिकीट पडलं म्हणाला.

"दांडा सहा इंच कापून द्या, मिस्त्री.
खाली सोडली तर पंखा पाण्यातल्या खुंटांना लागतोय,
वर वढली तर मूठ बरगडीत घुसतीया."

उद्यमनगरात माणसं कापायलाच येतात.
कापणं सोपं.
पण ह्या दांड्याच्या पोटातून तारा गेलेल्या,
आणि एकदा आखूड केलेली वस्तू
परत लांब करून मागायला गिऱ्हाईक येतंच,
रागानं, पावती घेऊन.

म्हटलं, माप कुठं घेतलंस?
"काठावर. होडी वर वढून."
कोरड्यावर?
"मग काय पाण्यात शिरून घेऊ?"
तो हसला. मी नाही हसलो.
बावीस वर्षं मायक्रॉनशी भांडलेला माणूस
असल्या उत्तराला हसत नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद.
पट्टी आणि खडू घेऊन धरणावर गेलो.
पाणी बरंच उतरलेलं. टपरीवरचा एकजण म्हणाला,
उन्हाळ्यात तीस फूट खाली जातंय,
मग दांडा तीस फुटी करणार काय, मिस्त्री?
मी म्हटलं, होडी पाण्याबरोबर उतरते,
आपल्यासारखी काठावर अडून बसत नाही.
(हे तिथं सुचलं नाही. परतताना एसटीत सुचलं.)

सुबराव मागच्या फळीवर बसला.
होडीच्या काठापासून पाण्यापर्यंत दहा इंच.
पंखा बुडायला बारा, लाटेला चार.
सव्वीस.
दांडा छत्तीसचा, म्हणजे दहा इंच वर उरतात,
नेमके त्याच्या बरगडीत.
त्याचं म्हणणं खरं निघालं आणि मला वाईट वाटलं,
दोन गाड्या बदलून मी ते खोटं पाडायला आलो होतो.

पट्टी खिशात घालत होतो तेवढ्यात
जाळ्यातला कचरा निवडत बसलेली हौसाक्का
मान वर न करता म्हणाली,
"मी कुठं बसते त्ये इचारलासा का?"

विचारलं नव्हतं.

ती उठली. जाळं घेतलं, बर्फाची पेटी घेतली,
आणि पुढच्या फळीवर जाऊन बसली,
घरात बसावं तशी.
होडीचं नाक खाली गेलं,
सुबराव मागच्या मागं वर उचलला गेला.
पट्टी लावली. पंधरा.
पंधरा, बारा, चार.
एकतीस.

कापला असता तर तीस उरला असता.
तिच्या दिवशी, जरा वारं सुटलं की
पंखा पाण्याबाहेर,
नुसती फडफड,
बॅटरी संपलेली,
आणि धरणाच्या मधोमध दोघं
एकमेकांवर खेकसत.

"हप्त्यातनं चार दिस मी असते," ती म्हणाली.
"बाकीचं तीन बाजारात. चिलापी काय आपली आपण इकत न्हाई."

सुबरावनं पाण्यात हात घातला, काढला.
मोटर आल्यापासून तो रात्रीचा एकटाच जात होता,
चालवून बघायला, हौसेनं.
त्याच्या मापात तेवढाच तो मावलेला.

मंगळवारी मी काहीच कापलं नाही.
कानशीनं दांड्यावर दोन खाचा पाडल्या,
नखाएवढ्या, आतल्या तारांना कळू न देता.
खालच्या खाचेत कॉलरचा स्क्रू आवळला तर मोटर वर राहते:
ती एकट्याची.
वरच्या खाचेत आवळला तर पाच इंच खाली उतरते.
ती कुणाची, हे त्याला सांगावं लागलं नाही.

"किती झालं?"
कापायचे दोनशे सांगितले होते.
न कापायचा दर उद्यमनगरात अजून ठरलेला नाही.

दिवाळीनंतर सील बदलायला तीच मोटर आली.
त्याच पोत्यात.
दांडा पुसला, उजेडाकडं धरला.
खालच्या खाचेत शेवाळ वाळून बसलेलं.
वरची स्क्रूनं घासून घासून
पितळेसारखी चकाकत होती.