तपासणी

मार्गशीर्षातली अष्टमी. जेलरोडला थंडी उतरलीय.
मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी
मी दुर्बीण मांडते,
खाली जुनी सतरंजी चौघडी करून,
वर कढीपत्त्याची आडवी येणारी फांदी
दोरीनं मागे बांधून.
स्वेटरवर स्कार्फ, पायात मोजे, मोज्यांवर चप्पल.
कुणी पाहत नाही तोवर बरं आहे.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाईच्या वासात, ट्यूबलाइटखाली,
तावामागून ताव:
आकडा घसरलेला, रंग फुटलेला, कड दुमडलेली.
खोट दिसली की खूण करायची, पुढे जायचं.
चांगलं काय आहे ते पाहायचा
पगार नव्हता.

त्याच डोळ्यानं आता चंद्र पाहते.
उजेड संपतो त्या रेषेवर
विवरांचे काठ असे उठून आलेत
की बोट फिरवलं तर टोचतील.
केवढे खड्डे! एकात दुसरा, दुसऱ्याच्या काठावर तिसरा.
हा ताव आमच्या टेबलावर आला असता
तर कुलथे मॅडमनी चष्मा न लावताच रद्द केला असता.

"गांगुर्डे, तेवढा हॅलोजन बंद करा ना."
भिंतीपलीकडून: "आणि मोटार चोरीला गेली तर?"
बरोबरच आहे. गेल्या दिवाळीत गेलीच होती.
म्हटलं, वरही चोर आहेत, तीन.
मध्यरात्रीनंतर उगवतात,
म्हातारीचं खाटलं ओढत नेतात,
कधीपासून नेतायत कोण जाणे,
अजून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले नाहीत.
ते हसले नाहीत. पण दिवा गेला,
आणि पाच मिनिटांनी भिंतीवरून आधी एक स्टूल आलं,
मग गांगुर्डे.

शनी दाखवला. चंद्राच्या जवळच होता.
"कडं कुठंय? पुस्तकात असतं ते?"
यंदा आडवं झालंय, म्हटलं.
नोट डोळ्यासमोर कडेनं धरली
तर शंभराची की पाचशेची, कळेल का?
तसं.
एक रेघ फक्त,
मण्यातून आरपार गेलेली टाचणी.
बराच वेळ ते श्वास धरून वाकले होते.
"निसटला," म्हणाले.
निसटतोच. पृथ्वी फिरते, आपल्याला घेऊन.
नळी बोटाच्या टोकानं सरकवायची, केसभर,
दुधावरची साय बाजूला सारावी तशी.

पूर्वेला एकलहऱ्याच्या चिमण्यांवर लाल दिवे.
त्यांच्या वर तिफण उभी राहिलीय,
तिच्याही वर रोहिणीचा तांबूस ठिपका.
त्या चिमण्यांखाली बावीस वर्षं रात्रपाळी करणारा माणूस
मृग उगवलेला पहिल्यांदा पाहत होता.
"आम्ही मीटर बघतो ना," म्हणाले,
जणू मी हजेरी विचारली.
तेवढ्यात देवळालीकडे सरावाची तोफ धडाडली,
स्वयंपाकघराची काच वाजली,
गल्लीतली कुत्री उठली.
चंद्र जागचा हलला नाही.

प्रेस सुटताना रोज झडती व्हायची.
डबा उघडा, पिशवी उलटी करा, हात वर.
अजूनही, रात्री दहाला नळीवर झाकण लावलं
की माझे हात आपोआप थोडे उचलले जातात.

"काय झालं?" गांगुर्डे विचारतात.
काही नाही.
उद्या पाळी नसेल तर जरा उशिरा या.
गुरू तुमच्याच टाकीमागून वर येतो.