ळ वर थांबायचं कसं

दारसैतच्या शाळेत, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये
एसी एकाच सुरात घुमत असतो.
फ्रेडा म्हणते, त्याच्याशी भांडू नका,
त्याला पाचवा आवाज समजा.
आम्ही बावीस जण. नर्सा, हिशेबनीस, एक क्रेनवाला,
आणि मी, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस,
दुसऱ्या आल्टोत, खांबाच्या आड.

मंगळवारी मुलं आपापल्या रचना घेऊन येतात.
कागद अजून गरम, शाई बोटांना लागते.
आम्ही गातो, आणि ती मान खाली घालून ऐकतात
की चूक आमची आहे की त्यांची.
हैथमने सात मात्रांत बकऱ्या उधळल्या,
तिसऱ्या ओळीला सगळे टेनर कड्यावरून खाली.
जोआनाची रचना दुसऱ्या पानावर संपली.
"पुढे सुचलंच नाही," म्हणाली.
आम्ही तिथेच थांबलो, तोंडं उघडी ठेवून.
बरं वाटलं ते.

मग अन्विता. अकरावी. चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी.
आडनाव केळुसकर, हजेरीत केलुसकर,
आणि आताशा तीही तसंच सांगते.
तिच्या अख्ख्या रचनेत एकच शब्द:
जवळ.

तिचे बाबा मरमूलला, तेलाच्या विहिरींवर.
चौदा दिवस तिकडे, मग घरी.
निघाले की फोन, "जवळच आहे गं."
असतात हैमाला. पाचशे किलोमीटर बाकी.
आदमला पेट्रोल भरताना, जवळच.
निझवाला चहाच्या टपरीवर, जवळच.
फंजाच्या वळणावर रेंज जाते,
तेव्हाही ते "जव" पर्यंत पोचलेले असतात.

तर बास निघतात हैमाहून, खालून, वाळूतून.
टेनर त्यांना आदमला गाठतात.
आम्ही निझवाला चढतो. सोप्रानो फंजाला.
आणि शेवटी सगळ्यांना मिळून ळ.
ळ वर आठ मात्रा.

मारिसेलला तो काही जमेना.
ल झाला, र झाला, एकदा तर ड झाला.
आग्नेलो म्हणाला, "कोळंबी म्हण,
माझ्याकडे खाताना बरी म्हणतेस."
कुरुविळा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला
आणि स्वतःचं नाव म्हणत राहिला, सावकाश,
बाळाला भरवावं तसं.
मी मला येतं ते सांगितलं:
जीभ मागे वळव. वर घुमट लागेल.
तिथे टेकव, सोड.
दिवसभर दिव्याखाली मी दुसरं काय बघते?

मध्यंतरात अन्विताला बाजूला घेतलं.
अगं, ळ वर थांबता येत नाही.
टेकला की सुटतोच तो.
त्यापेक्षा आधीचा व लांबव,
सगळे तसंच करतात.
ती म्हणाली, "मला माहितीये, मावशी.
म्हणून तर आठ मात्रा."
आणि पेन्सिल केसांत खोचून
पाणी प्यायला गेली.

शेवटच्या खेपेला
बावीस जिभा वळल्या, वर गेल्या,
आणि तिथेच राहिल्या. न टेकता.
आवाज होता का? होता.
एसीचा असेल.
कुणाचं तरी पोट बोललं.
सहाव्या मात्रेला कुरुविळाची जीभ सुटली,
टपकन, रिकाम्या पिंपात थेंब पडावा तशी.
फ्रेडाने तिकडे पाहिलं नाही.
अन्विताने कागदावर काहीतरी खोडलं,
मग खोडलेलं पुन्हा लिहिलं.

आज सकाळी एका मिस्तरींची दाढ काढली.
अर्धं तोंड बधिर, गालात कापूस,
आणि खुर्चीतूनच बायकोला फोन.
कुठे आहात, विचारलं असावं तिने.
ते एका अक्षरापाशी अडले,
पुन्हा मागे आले, पुन्हा अडले.
पुढचा पेशंट दारात उभा होता.
मी हातमोजे काढता काढता थांबले.
मोजत होते.